चंदी, खरारा आणि रपेट

दसऱ्याच्या सकाळी शस्त्रे, वह्या, नांगर आणि मोटारी यांच्या पूजेची ताटे घरोघरी सिद्ध होत असताना, नागपूर जिल्ह्यातील काही मोजक्या शेतकरी कुटुंबांत, अंगणातील कडुनिंबाखाली न्हाऊ घातलेल्या, आयाळ विंचरलेल्या आणि कपाळी कुंकू लावलेल्या घोडीच्या गळ्यात झेंडूची माळ घालण्याचा मान कोणाचा, यावरून मुलांत गोड तंटा लागतो. मोटारीची पूजा त्या दिवशीच आटोपते. घोडीची सेवा दुसऱ्या दिवशी पहाटे, चंदीच्या वेळी, पुन्हा सुरू होते, आणि घरात लग्न असो की सुतक, वर्षाचे सर्व दिवस ती त्याच वेळी करावी लागते. घोडा बाळगण्याचे सुख कोणते, असे विचारले असता लोक बहुधा स्वारीचे, वेगाचे आणि रुबाबाचे वर्णन करतात. त्यात खोटे काही नाही. तथापि ज्या कुटुंबांनी शेतावर घोडे राखले आहेत त्यांच्या सहवासात काही काळ घालविल्यावर माझे असे निश्चित मत झाले आहे की, स्वारी हे त्या सुखाचे फळ होय, आणि त्याचे मूळ दाणावैरण, खरारा, पाणी व नालबंदी यांच्या नित्य शिरस्त्यात रुजलेले असते.

घोडदळाची राजधानी

नागपूरकराला हा विषय परका वाटण्याचे वास्तविक काही कारण नाही, कारण हे शहर मराठ्यांची राजधानी म्हणून नावारूपाला आले ते मुळी घोडेस्वारांच्याच बळावर. सेनासाहेब सुभा पहिले रघूजी भोसले यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास येथील गोंड राज्याचा कारभार हाती घेतला आणि त्यांची फौज छत्तीसगड व ओरिसा ओलांडून थेट बंगालपर्यंत गेली. १७४२ पासून सुमारे दशकभर चाललेल्या त्या स्वाऱ्यांची अखेर १७५१ च्या तहाने झाली. बंगालच्या अंगाईगीतांत या फौजेतील बारगिरांचे नाव अद्याप टिकून आहे. ते तेथील मातांनी कौतुकाने नव्हे, धाकाने घेतले आहे, हेही प्रामाणिक वाचकाने विसरू नये.

मराठी फौजेत स्वारांचे दोन वर्ग असत. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येई तो शिलेदार. पागेची व्यवस्था किती बारकाईने लावलेली होती हे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून कळते: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरविणारा एक पखालजी व खुरांची निगा राखणारा एक नालबंद. तलवारीच्या जोडीने पखाल आणि नाल यांचाही हिशेब ज्या राज्याने ठेवला, त्या राज्याला घोडा खऱ्या अर्थाने कळला होता. शिलेदाराची गोष्ट आपल्या विषयाला याहूनही निकटची आहे. त्याचे घोडे घरच्या दावणीला असे, घरच्या वावरातल्या वैरणीवर पोसले जाई, आणि पावसाळ्यात शेतीकडे लक्ष देऊन दसऱ्यानंतर मुलूखगिरीस निघणाऱ्या त्या कुटुंबाच्या मानापमानाचा, कर्जाचा आणि आशेचा भार त्याच्याच पाठीवर असे. आज शेतावर घोडा बाळगणारे कुटुंब नकळत या शिलेदारी गृहव्यवस्थेचाच वारसा चालवीत असते. फरक इतकाच की, त्यातील लढाई गेली आहे आणि जिव्हाळा तेवढा उरला आहे.

ती लढाईही नागपुरातच संपली. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज व इंग्रज यांची गाठ पडली, आणि त्या झुंजीचे पारडे फिरविणारा प्रसंग म्हणून कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाल घोडदळाने केलेला हल्ला इतिहासकार नमूद करतात. त्यानंतर १८२१ मध्ये कन्हानकाठी कामठीची छावणी वसली. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढल्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरास येऊन पोचली. शिलेदाराचा घोडा टांग्याला जुंपला गेला, आणि टांग्याचाही काळ सरल्यावर तो वरातीपुरता उरला. या ओहोटीतही अश्वविद्येचा आग्रह धरणारे लोक नागपुरात होते. येथील डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलची स्थापना केली, आणि तेथील शिक्षणक्रमात घोडेस्वारीला आवर्जून स्थान मिळाले.

निवड

आजच्या शेतकरी कुटुंबाला घोडे घ्यायचे असेल तर त्याची पावले प्रथम बाजाराकडे वळतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेडा येथे एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास भरते, आणि तेथे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून घोडे विक्रीस येतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाची यात्राही त्याच महिन्यात भरते आणि तिच्यातील जनावरांचा बाजार असाच प्रसिद्ध आहे. या बाजारांची भाषा ऐकणे हाही एक संस्कार आहे. अबलख, कुमैत, सबजा, नुकरा, मुश्की ही रंगांची नावे. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी. अंगावरील केसांच्या भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरविण्याची परंपरा. यांचा एवढा विस्तार कानी पडतो की नवखा माणूस दिङ्मूढ होतो. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या संस्कृत अश्वशास्त्राचा हा लोकांत झिरपलेला अवशेष आहे, आणि तो मनोरंजक असला तरी खरेदीचा आधार होऊ शकत नाही. जाणता गिऱ्हाईक भोवऱ्यांआधी खूर पाहतो, दातांवरून वय ताडतो, घोडे कठीण जमिनीवर दुडकीने चालवून ते कोणत्या पायावर झुकते ते निरखतो, आणि शेवटी पशुवैद्याकडून रक्ततपासणीचा दाखला मागतो; कारण ग्लँडर्ससारखा रोग जनावरापासून माणसालाही होऊ शकतो आणि त्याच्यावर दयेला वाव राहत नाही.

जातींचा विचार केला तर आपल्याकडे मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे आकर्षण अधिक. आत वळून टोकांनी एकमेकांना भिडणारे त्यांचे कान, उंच मान आणि सुबक चेहरा पाहणाऱ्याला भुलवितात, आणि दोन्ही जाती उन्हाळ्याला सरावलेल्या आहेत, हा नागपूरच्या दृष्टीने मोठाच गुण. परंतु मराठी माणसाने ज्याची विशेष दखल घ्यावी तो घोडा भीमथडी होय. भीमेच्या खोऱ्यात, देशी तट्टे आणि अरबी, तुर्की रक्त यांच्या संयोगातून मराठेशाहीच्या काळात वाढलेली ही जात. ठेंगणी, काटक, थोड्या वैरणीवर लांबचा पल्ला मारणारी. फौजा गेल्यावर ती मेंढपाळांच्या बिऱ्हाडामागे ओझी वाहत राहिली, आणि अलीकडे स्वतंत्र जात म्हणून तिची अधिकृत नोंद झाली. शेतावरच्या कामाला, मुलांच्या शिक्षणाला आणि सामान्य कुटुंबाच्या ऐपतीला साजेसे जनावर हेच होय, असे मी निःसंकोच म्हणेन.

पागा आणि ऋतू

नागपूरचा प्रदेश घोड्याला सोपा नाही. काळी जमीन पावसाळ्यात चिकट चिखल होऊन राहते, आणि ओल्यात उभ्या राहिलेल्या घोड्याचे खूर सडू लागतात. म्हणून पागेची जमीन उंच करून तिच्यावर मुरूम दाबावा लागतो, आणि लिदीचा उपसा रोज न चुकता करावा लागतो. पावसाच्या अखेरीस चावऱ्या माशांचा उपद्रव वाढतो व त्यांच्यापासून सर्रा नावाच्या जीवघेण्या तापाची भीती असते. हा रोग रक्तातील एका सूक्ष्म जीवामुळे होतो हे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईलखान येथे दाखवून दिले. पुढे वैशाख येतो, नवतपा येतो, पारा पंचेचाळीस अंशांच्याही वर चढतो. त्या दिवसांत शहाणा धनी खोगिराला हात लावतो तो सूर्योदयापूर्वी, आणि दुपारभर घोडीच्या पागेवर ओल्या तट्ट्या, पुढ्यात गार पाणी आणि चाटायला सैंधवाचा खडा ठेवतो, कारण घोडे माणसासारखेच घामाने अंग थंड करते आणि त्या घामावाटे त्याच्या शरीरातील क्षार निघून जातात.

वैरणीचे शास्त्र तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय होईल. साडेतीनशे किलो वजनाच्या घोडीला दिवसाकाठी सात ते नऊ किलो कोरडी वैरण आणि तीस-चाळीस लिटर पाणी लागते. ज्वारीचा वाळलेला कडबा, हरळी, लसूणघास, तुरीचे थोडे कुटार आणि तोबऱ्यात घातलेली जव-हरभऱ्याची चंदी हा येथील रिवाज. घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकारी होत नाही. यास्तव एकदाच पोटभर घातलेली चंदी किंवा बुरशी आलेला एक पेंढाही पोटशुळाने त्याचा प्राण घेऊ शकतो. वेळेवर, थोडे, आणि स्वच्छ, ही तीन सूत्रे प्रत्येक पागेच्या दारावर लिहिण्याजोगी आहेत.

या संदर्भात शिवछत्रपतींच्या एका पत्राचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. चिपळूणनजीकच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांस उन्हाळ्यात लिहिलेल्या त्या पत्रात महाराज बजावतात की, पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आताच उधळली तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारिली असे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरचा दाणा, भाकर आणि गवत ओढाल, आणि ते बिचारे तुम्हांला मोगलाहूनही वाईट समजतील. जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीस आग लागेल, इथपर्यंतचा इशारा त्यात आहे. राज्य उभारणाऱ्या पुरुषाने गवताच्या काडीचा असा हिशेब ठेवावा, आणि घोड्याच्या पोटाचा विचार करताना कुणब्याच्या घराचाही विचार करावा, यात अश्वपालनाची सारी नीती सामावलेली आहे. आपल्या शेतातील वैरणीचा वर्षभराचा बंदोबस्त ज्याला करता येत नाही, त्याला घोडा बाळगण्याचा अधिकार नाही.

सुदैवाने या बाबतीत नागपूरचा शेतकरी एकाकी नाही. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून चालू आहे, आणि २००० साली महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात स्थापन झाले. धनुर्वाताची लस, जंताचे औषध, दातांची तपासणी ही कामे आता बाजारातील वैदूवर सोपविण्याची गरज उरलेली नाही. उणीव आहे ती नालबंदाची. सहा ते आठ आठवड्यांनी खूर कातून नाल बसवावे लागतात, आणि हा हुन्नर अंगी असलेली माणसे विरळ होत चालल्याने एका नालबंदाच्या वाटेकडे अनेक गावांना डोळे लावून बसावे लागते.

रपेट

आता स्वारीकडे वळू. सोयाबीन निघून गेलेले आहे, कपाशीची बोंडे फुटली आहेत, तूर फुलोऱ्यावर आहे, काटोल-नरखेडकडील संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराची तोड चालू आहे, आणि पहाटेच्या गारव्यात धुऱ्यांवरच्या गवतावर दहिवर पडले आहे. कार्तिक ते फाल्गुन हा आमच्याकडील रपेटीचा ऋतू. घोडीला खरारा करून, खोगीर चढवून, तंग आवळून, लगामाची कडी तिच्या तोंडात हलकेच सरकवून, डाव्या बाजूने रिकिबीत पाय ठेवून माणूस वर बसतो, आणि तत्क्षणी त्याला त्याच्या नित्याच्या शेताचे एक नवीनच दर्शन घडते. चालत जाणाऱ्याला तुरीच्या पलीकडचे दिसत नाही, आणि मोटारीतून जाणाऱ्याला काहीच दिसत नाही. स्वाराला मात्र उभ्या पिकावरून नजर टाकता येते, कोठे पाणी साचले आहे, कोठे रानडुकरांनी नासधूस केली आहे, कोणत्या झाडाचे पान पिवळे पडले आहे, हे सारे खाली न उतरता कळते. पांदणीच्या वाटेने, नाल्याच्या कडेने, जेथे चाकाचे वाहन अडते तेथूनही घोडी निर्वेध जाते. शेताची राखण आणि मनाची करमणूक ही दोन्ही कामे एकाच फेरीत साधतात, हे शेतावरील स्वारीचे खास वैशिष्ट्य होय. शहरातील रिंगणात गोल फिरणाऱ्या स्वाराला ते लाभत नाही.

चालींचे सुख वेगवेगळे. सावकाश कदम चालीत चार टापा एकामागून एक पडतात आणि स्वाराची कंबर त्या लयीत आपोआप डुलू लागते. दुडकीत कर्णरेषेवरचे पाय जोडीने उचलले जातात आणि नवशिक्याची हाडे खिळखिळी होतात. रवाल चालीत, जी मारवाडी घोड्यांना बहुधा जन्मतःच साधते, पाण्याने भरलेला पेला हातात धरावा आणि थेंब सांडू नये इतकी स्वारी सुखाची होते. कन्हानच्या कोरड्या वाळूच्या पट्ट्यात घोडी चौखूर सोडली की एका क्षणी तिचे चारही पाय जमिनीपासून सुटतात. छायाचित्रकार मायब्रिज याने १८७८ मध्ये अमेरिकेत ओळीने कॅमेरे मांडून हे सिद्ध केले, परंतु मांड पक्की असलेल्या प्रत्येक स्वाराच्या देहाला ते ठाऊक असते. डांबरी रस्त्यावर मात्र चौखूर जाऊ नये; तो वेग घोडीच्या पायांच्या शिरांतून वसूल होतो.

या साऱ्या व्यवहाराचा पाया भीतीवर नसून विश्वासावर आहे. निसर्गाने घोड्याला शिकार होणाऱ्या प्राण्याचे शरीर दिले आहे. डोळे दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळपास सभोवार दिसते, पण नेमके पाठीमागचे आणि कपाळापुढचे दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे. कान पुढे टवकारले असतील तर त्याचे कुतूहल जागे झाले आहे, मागे चिकटले असतील तर त्याचा राग. एक पुढे आणि एक मागे असेल तर ते वाटेकडे आणि स्वाराकडे एकाच वेळी लक्ष देत आहे. ग्रीक सेनानी झेनोफन याने तेवीस शतकांपूर्वी घोडेस्वारीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात रागाच्या भरात घोड्याजवळ कधी जाऊ नये असा उपदेश केला आहे, आणि कौटिल्याने अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगण्यासाठी स्वतंत्र अध्याय खर्ची घातला आहे. चाबकाने चाललेला घोडा चाबूक संपताच थांबतो. ओळखीने चाललेला घोडा ओढ्याच्या पाण्यातही पाऊल टाकतो.

घराची शाळा

घोड्याला संपूर्ण कुटुंब लागते, आणि यातच त्याचे थोर शैक्षणिक मूल्य आहे. माझ्या परिचयाच्या एका घरी, हिंगण्याकडील शेतावर, कामांची वाटणी अशी आहे: पहाटेची चंदी आजोबा घालतात, पाणी आणि पागेची झाडलोट सालदाराच्या जोडीने थोरला मुलगा करतो, औषधांची आणि लसींची वही सूनबाईंकडे असते, आणि संध्याकाळचा खरारा नातीच्या वाट्याला येतो, जिचा हात पाठीच्या कण्यापर्यंत पोचत नसल्याने तिच्यासाठी एक लाकडी पाट ठेवलेला आहे. त्या घरी घोडी व्याली तेव्हा अकरा महिन्यांची वाट पाहणे संपले. जन्मल्यावर तासा-दोन तासांत शिंगरू थरथरत्या लांब पायांवर उभे राहून आईच्या कासेला लागले, आणि तो सोहळा पाहताना मुलांना जे समजले ते शिकविण्यास कोणत्याही पाठ्यपुस्तकाची मदत लागली नाही. शालेय मुलांत धैर्य, संयम आणि दुसऱ्याच्या वेदनेची जाणीव कशी निर्माण करावी याची चिंता हल्ली सर्वत्र ऐकू येते. साडेतीनशे किलोच्या, परंतु फडफडत्या कागदालाही बिचकणाऱ्या जिवाला सांभाळताना हे तिन्ही गुण मुलांच्या अंगी येतात. मुलींना स्वारी शिकविण्याचा प्रघात या घरांत दिसतो, आणि तो सर्वत्र पडावा. अट एकच की, शिरस्त्राण घातल्याशिवाय आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय मुलाला खोगिरावर चढवू नये.

हिशेब

या सुखाचा हिशेब मांडताना काही गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. भारतातील घोड्यातट्टांची संख्या २०१९ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख ४० हजार भरली. आधीच्या, २०१२ च्या गणनेशी तुलना करता ही घट जवळजवळ शेकडा ४५ आहे. यंत्रयुगात ओझी वाहण्याचे काम संपले याचे दुःख नाही; अनेक मुक्या जिवांची त्यातून सुटका झाली. दुःख आहे ते घोड्याविषयीचे ज्ञान लोपण्याचे. मोतद्दार, चाबूकस्वार, नालबंद, खोगीर शिवणारा कारागीर ही माणसे एकदा गेली की ती विद्या छापील पुस्तकांतून परत आणता येत नाही. दुसरीकडे, केवळ प्रतिष्ठेसाठी घोडा विकत घेऊन तो फार्महाउसच्या फाटकाशी उभा करण्याची हौस बोकाळत आहे, आणि लग्नाच्या हंगामात बॅंडच्या गोंगाटात, फटाक्यांच्या धुरात, उपाशीतापाशी तासन्‌तास नाचविली जाणारी घोडी आपण सर्वांनीच पाहिली आहे. या दोन्ही प्रकारांना अश्वप्रेम म्हणता येणार नाही. घोडे पंचवीस वर्षे जगते. त्यांतील अखेरची काही वर्षे ते स्वारीच्या कामाचे नसते. त्या म्हातारपणातही त्याची चंदी चालू राहील, अशी तजवीज ज्याने मनाशी केली असेल त्यानेच त्याच्या तारुण्यावर मांड ठोकावी.

म्हणून वाचकांपैकी ज्यांच्याकडे दोन-चार एकर जमीन, हक्काचे पाणी आणि पहाटे उठणारी माणसे आहेत, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, येत्या मार्गशीर्षात एकदा सारंगखेड्यास जावे, परंतु रिकाम्या हातांनी परत यावे. आधी मुरमाची पागा बांधावी, वर्षाचा कडबा रचावा, नालबंद आणि पशुवैद्य यांच्याशी बोलून ठेवावे, घरातील प्रत्येकाला त्याचे काम नेमून द्यावे, आणि मगच पुढील वर्षी घोडी घरी आणावी. एवढी पूर्वतयारी ज्यांना जाच वाटेल त्यांनी घोडा घेऊ नये. ज्यांना त्या तयारीतच आनंद वाटेल, त्यांच्या घरी घोडी सुखाने नांदेल, आणि स्वारीचे सुख त्यांना निराळे शोधावे लागणार नाही.